काठी येईपर्यंत

तो जेवता जेवता हसला. मोठ्यानं नाही, तोंडात घास असताना माणूस नाकातून हसतो तसा, आणि हसून झाल्यावर पुन्हा मान खाली घालून जेवू लागला. वाढणारा तिचा हात जागच्या जागी थांबला. गोदाम बंद पडून याला घरी बसवलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत या माणसाच्या तोंडावरची माशी हललेली तिनं पाहिली नव्हती. वाढलं की जेवायचं, पुढ्यात ठेवलं की प्यायचं, विचारलं की "हं" म्हणायचं आणि मग तिच्या शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं, पार दिवेलागणीपर्यंत. मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, बाबा कसे आहेत. ती सांगायची, आहेत. दुसरं काय सांगणार? आणि आज हा बाप्या चक्क हसला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही काय? हसलात ना आत्ता."

"अगं, शिट्टीबाई," तो म्हणाला आणि त्या नावासरशी पुन्हा त्याच्या गालाला खळी पडू पडू झाली. "सकाळी एक धूड ट्रक गल्लीत घुसायला बघत होता. बाईंनी त्याला उलट पाठवला. रिव्हर्समध्ये, थेट चौकापर्यंत. ड्रायव्हर म्हणतो, बाई, मी वीस वर्षं ट्रक चालवतोय. तर या म्हणाल्या, मग वीस वर्षांत मागं जायला शिकला असशीलच की."

"पण हे खालच्या टोकाला झालं ना? तुम्ही तर वरच्या टोकाला असता. तुम्हाला कसं कळलं?"

"काठीबरोबर चिठ्ठी आली," तो म्हणाला, आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे अशा थाटात त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

तिनं भांडी आवरली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तो टोपी चढवून, नारिंगी जाकीट अंगात घालून, तिची कापडावर खुणा करायची पेन्सिल कानावर खोचून निघूनही गेला. कानावरची पेन्सिल आपली आहे हे तो फाटकाबाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं. आठ दिवस ती पेन्सिल शोधत होती ती. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिला एकच चिठ्ठी लिहिली होती, ती अशी: दूध आत घे. तीही दाराला अडकवून गेला होता, म्हणजे तिच्याऐवजी शेजारणीनं वाचली असती तरी चाललं असतं. आणि इथं ट्रकवाल्यांचे विनोद चिठ्ठ्यांवरून येत होते, जात होते, तिच्या पेन्सिलीनं, तिच्या खिडकीसमोरून. तिनं ओट्याचं फडकं पिळून पिळून कोरडं केलं. हा मत्सर आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं, आणि साठीला टेकलेल्या बाईला मत्सर वाटावा याची लाजही वाटली, पण लाज वाटली म्हणून तो काही कमी झाला नाही.

मुख्य रस्ता खणून ठेवला होता. जमिनीखालच्या मोठ्या नळ्या बदलायच्या, म्हणून चौकापासून पुलापर्यंत सगळं बंद, आणि तीन महिन्यांसाठी गाड्यांचा लोंढा यांच्या गल्लीतून वळवलेला. गल्ली ती केवढीशी. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, मधोमध एक वळण, आणि त्या वळणावरच यांचं घर. कुणा जुन्या मालकानं त्याची भिंत हातभर पुढं दामटलेली, त्यामुळे तिथून एका वेळी एकच गाडी जाई. वरच्या टोकाला उभं राहिलेल्या माणसाला खालचं टोक दिसत नसे आणि खालच्याला वरचं. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला पोलीस यायचा, मधले सहा तास गल्लीनं आपलं आपण बघावं असं ठरलं. पहिले दोन दिवस फोनवर चाललं. तिसऱ्या दिवशी फोन मध्येच कट झाला, दोन्ही टोकांच्या माणसांनी आपापल्या बाजूच्या गाड्या सोडल्या, आणि तिच्या खिडकीसमोर एक ट्रक आणि एक शाळेची बस नाकाला नाक लावून उभे राहिले. दीड तास हलेनात. तेव्हा रस्त्याच्या कामावरच्या मुकादमानं सगळ्यांना फाटकाशी बोलावून सांगितलं की फोन आता घरी ठेवा. त्यानं हातभर लांबीचा एक दांडका कापून आणला, त्याला तांबडा रंग दिला आणि म्हणाला, "ही काठी एकच. ज्या टोकाला काठी, त्यानं गाड्या सोडायच्या. शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची. समोरच्याला काठी मिळाली की गल्ली मोकळी, मग त्यानं आपल्या गाड्या सोडायच्या. काठी नाही मिळाली तर शेवटची गाडी अजून यायचीय. मग साक्षात मंत्री येऊन उभा राहिला तरी सोडायचं नाही." आणि विचारलं, कोण कोण उभं राहणार? तेव्हा याचा हात वर गेला होता. तिला वाटलं, डोकं खाजवतोय.

सुरुवातीला सहा जण होते. आठवड्यात चौघांच्या कंबरा दुखायला लागल्या. उरला हा आणि उरल्या शिट्टीबाई. जेवणाच्या अर्ध्या तासापुरती मुकादम आपली माणसं उभी करी. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती, म्हणून सगळी गल्ली त्यांना शिट्टीबाई म्हणे. एकट्याच राहायच्या, खालच्या टोकाच्या अगदी शेवटच्या घरात. काठीला रबर लावून त्यात चिठ्ठी अडकवायची ही कल्पना मात्र याची. किती गाड्या सोडल्या तो आकडा आणि शेवटची गाडी कुठली. एखादी मध्येच कुणाच्या दारात थांबली तर हिशेब लागावा म्हणून. गोदामात तीस वर्षं आवक-जावक बघितलेला माणूस, मोजल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो आकड्यांपुरता राहिला असता तर कुणाचं काय बिघडत होतं? पण आकड्याखाली जागा राहते. कागदाचं तेच वाईट असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला काठीच दिसू लागली. आधी नुसत्या गाड्या जायच्या. खिडकीची तावदानं थरथरायची, सुयांचा डबा टेबलावर सरकत सरकत काठापर्यंत यायचा, आणि ती न बघता तो कोपरानं मागं ढकलायची. आता प्रत्येक गाडी गेली की तिची मान वर व्हायची. आहे का? नाही. नाही. नाही. मग आठवी किंवा दहावी किंवा बारावी गाडी यायची आणि तिच्यात ती असायची. कुणी ती खिडकीबाहेर धरलेली, कुणी समोरच्या काचेशी आडवी ठेवलेली, एका स्कूटरवाल्यानं दातात धरलेली. तांबडी, ठसठशीत, आणि मध्यावर तो कागद. खाली चाललेला म्हणजे त्याचा. वर चाललेला म्हणजे त्यांचा. दिवसातून चाळीसेक वेळा हा माणूस त्या बाईशी बोलत होता, आणि प्रत्येक बोलणं तिच्या नाकासमोरून, चार हातांवरून, दुसऱ्याच्या हातातून जात होतं. तिनं त्या आठवड्यात एका जाकिटाला उलटी चेन लावली. एका पडद्याची उंची इतकी कमी केली की गिऱ्हाईक म्हणालं, ताई, खिडकी माझ्या घरात आहे, बाहुलीच्या नाही. ती हसली, माफी मागितली आणि पट्टी जोडून दिली. पण मनातून तिला त्या पडद्याचं काडीचंही पडलेलं नव्हतं.

तो आता गाणं म्हणायचा. म्हणजे गुणगुणायचा, तेही बेसूर, पण दोन खोल्यांत ऐकू जाईल इतपत. त्याच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती, तिच्या खाली रापलेला माणूस आणि वर तिचा नवरा. भूक लागायची त्याला. पुन्हा वाढ म्हणायचा. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची, आणि ती त्याच्या घोरण्याकडे कान लावून पडायची. हे घोरणं परत यावं म्हणून तिनं काय काय केलं होतं! डॉक्टर झाले, पहाटेचं फिरणं झालं, मुलीकडे महिनाभर जाऊन झालं. ग्रंथालयातून पुस्तकं आणून त्याच्या उशाशी ठेवली, तर त्यानं त्यांची तारखेप्रमाणे चळत लावली. बोला हो काहीतरी, असं ती म्हणाली होती एकदा, यंत्र थांबवून, हातातलं काम बाजूला ठेवून. त्यानं पुष्कळ विचार केला होता, तिला दिसत होतं तो विचार करतोय, आणि मग म्हणाला होता, काय बोलू? तिला त्याची इतकी कीव आली होती की ती लगेच म्हणाली, राहू दे, राहू दे. आणि आता सापडलं होतं त्याला बोलायला. सगळा खर्च तिनं केला आणि फळ पडलं ते दुसरीच्या अंगणात. बरा झाला याचा आनंद व्हायला हवा होता तिला. झालाही असता, तिच्या हातून बरा झाला असता तर.

एकदा ती मुद्दाम खालच्या टोकाला जाऊन आली. दोरा संपला नव्हता, तरी दोरा आणायला म्हणून. शिट्टीबाई रस्त्याच्या ऐन मध्यावर उभ्या होत्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केस आखूड, वय हिच्याहून चार वर्षांनी जास्तच, पण पाठ अशी सरळ की बघणाऱ्यानं आपली सावरून घ्यावी. त्यांनी नुसता पंजा पुढं केला आणि एक भलीमोठी गाडी गपकन थांबली. हिनं आयुष्यात कधी काही असं थांबवलं नव्हतं. "तुम्ही वळणावरच्या ना?" त्या म्हणाल्या, डोळे रस्त्यावरून न काढता. "तुमचे मिस्टर फार पक्के हो. एकदाही आकडा चुकला नाही त्यांचा." ही म्हणाली, "हो, घरीसुद्धा तसेच आहेत." हे खोटं होतं, कारण घरी ते कसलेच नव्हते, आणि दुसरी बाई आपल्याला आपल्याच घरातली माहिती देते आणि आपण ती साभार स्वीकारतो याचा तिला परतताना इतका संताप आला की दोरा घ्यायचाच राहिला. शिट्टीबाई दिसायला वाईट असत्या, लाडीक बोलणाऱ्या असत्या, तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं. दोघांत वावगं काही नव्हतं हे तिला शपथेवर माहीत होतं. वावगं असतं तर भांडता आलं असतं. दोन माणसं आपापल्या टोकाला उभी राहून नीट काम करताहेत, याच्याविरुद्ध तक्रार करायची ती कुणाकडे?

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी दुपारी दातवाले आले. गल्लीतलेच दातांचे डॉक्टर, त्यांची एक पँट कमरेत सैल करायला आली होती. त्यांनी गाडी बरोबर तिच्या दारात उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि धावत आत आले. "झाली का? माझ्या मागं कुणी नाहीये, शेवटचा मीच आहे, म्हटलं घेऊनच टाकू." एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात काठी. पँट बघायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी काठी टेबलावर ठेवली, कात्रीशेजारी. पँट कमरेला लावून पाहिली, पोट आत ओढलं, सोडलं, समाधान पावले, पैसे दिले, कोपऱ्यातल्या आरशात दात बघितले आणि गेले. काठी टेबलावर राहिली. तिनं ती राहिलेली पाहिली. गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकला. गिअर पडल्याचा ऐकला. एक हाक पुरली असती, अहो डॉक्टर, एवढीच. ती हाक तिच्या गळ्यापर्यंत आली होती. तिथं ती थांबली, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिथंच राहिली.

मग तिनं रबर काढलं. ते दोनदा निसटलं, हे तिला आवडलं नाही. चोरी करणाऱ्याचा हात निदान स्थिर असावा. चिठ्ठीवर त्याचं बारीक, गोदामातल्या चिकटपट्ट्यांवर असायचं तसं अक्षर होतं: ११. शेवटी दातवाले. आणि खाली: ऊन आता तुमच्या बाजूला आलं असेल. झाडाखाली सरका.

एवढंच. प्रेमाचा एक शब्द नव्हता. तिनं तो कागद दोनदा उलटसुलट केला, जणू मागं काही असेल. मग ती बसली. तिच्या स्वतःच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, रोज येत होतं, यंत्राच्या सुईवर आणि तिथून थेट डोळ्यांत, आणि समोरच्या खुर्चीत बसून हाच माणूस दोन वर्षं ते बघत होता. सुईच्या आणि तिच्या मध्ये आलेल्या उन्हाची त्याला कधी कल्पना आली नव्हती, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे, दिसतही नाही तिथं, ऊन कधी सरकतं हे त्याला बरोबर कळत होतं. या दोन ओळींपेक्षा प्रेमाचं पत्र परवडलं असतं. तिनं काठी उचलून मांडीवर घेतली आणि वर शिवायला घेतलेलं राखाडी कापड पसरलं.

गल्ली रिकामी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुपारी ती रिकामी झाली आणि कानाला भोकं पडावीत अशी शांतता आली. दातवाले काठीविना गेले म्हणजे ते शेवटचे नाहीत, असं धरून शिट्टीबाई खाली उभ्या असणार. खालच्या गाड्या अजून आल्या नाहीत म्हणजे काठी अजून पोचायचीय, असं धरून हा वर उभा असणार. दोघंही नियमाला पक्के. दोघंही तिच्या मांडीवरच्या दांडक्याची वाट बघत होते. तिला एक घाणेरडं सुख झालं, खोटं कशाला बोला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आधी खालून एक हॉर्न वाजला, मग वरून तीन, मग मोजता येईनात. फळीवर ठेवलेला त्याचा फोन वाजू लागला. तिनं मान उंचावून पाहिलं. फोनच्या पडद्यावर नाव होतं, खालचं टोक. म्हणजे शिट्टीबाई घरात जाऊन फोन करत होत्या. तिचा स्वतःचा नंबर त्यानं घर या नावानं ठेवला होता, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला इतके दिवस काही वाटलं नव्हतं. फोन वाजून वाजून थांबला.

मग तो आला. धापा टाकत, घामानं निथळत, दारातूनच म्हणाला, "गल्लीत कुणाची गाडी बंद पडली का गं? काही दिसलं तुला?"

"नाही."

"दातवाले आले होते ना इकडं?"

"आले होते. पँट घेऊन गेले."

त्यानं टेबलाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग तिच्या मांडीकडे. राखाडी कापडातून तांबडं टोक चांगलं चार बोटं बाहेर आलं होतं.

"घेतलीस?"

"राहिली."

"राहिली तर हाक मारायची."

"नाही मारली."

"का?"

एकतीस वर्षांची यादी तिच्याकडे तयार होती. पण तोंडातून आलं ते भलतंच. "त्यांना ऊन लागतंय म्हणून लिहिता. माझ्या या खिडकीतून रोज दुपारी ऊन येतं. डोळ्यांवर येतं, मला दोरा दिसत नाही. तुम्ही त्या खुर्चीत बसलेले असायचात. एकदा तरी वाटलं तुम्हाला, उठावं आणि पडदा ओढावा?"

तो खिडकीकडे वळला. तिथं ऊन होतं. त्याला ते पहिल्यांदा दिसतंय हे तिला स्पष्ट कळलं. त्याला राग येईल, हॉर्न कोकलताहेत आणि तुला पडद्याचं काय पडलंय असं ओरडेल, असं तिला वाटलं. तो पुढं झाला आणि पडदा ओढला. खोलीत एवढा अंधार झाला की तिला हातातलं कापड दिसेना. मग त्यानं जाकीट काढलं, नीट घडी केली, बाही आत, कॉलर वर, आणि टेबलावर ठेवलं. टोपी त्यावर ठेवली. पेन्सिल कानावरून काढून तिच्या डब्यात टाकली.

"नाही जात मी," तो म्हणाला. "मुकादम बघेल दुसरं कुणी." आणि त्या खुर्चीत जाऊन बसला.

जिंकली होती ती. त्याला परत घरात आणलं होतं, एका दांडक्याच्या जोरावर. हे सुख किती टिकलं? हॉर्न एकदा वाजून थांबेपर्यंत. कारण खुर्चीत बसताच त्याचे हात मांडीवर पालथे पडले, खांदे उतरले आणि चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर खाली ओढावं तसा. ती त्या चेहऱ्याला ओळखत होती. गोदामातून ज्या दिवशी त्याला पत्र देऊन पाठवलं, त्या दिवशी तो हाच चेहरा घेऊन घरी आला होता. त्या दिवशीही तो रागावला नव्हता. त्यांचं बरोबर आहे, म्हणाला होता.

"उठा," ती म्हणाली.

"राहू दे. तुझं बरोबर आहे."

तो तिच्यासाठी थांबला नव्हता. त्याला पुन्हा एकदा घरी बसवलं होतं, आणि या वेळी बसवणारी ती होती. "उठा म्हणते ना! दोन्हीकडं गाड्या तुंबल्यात. लोक शिव्या घालताहेत." तो हलला नाही. तिनं जाकीट उचलून त्याच्या मांडीवर टाकलं, ते घसरून खाली पडलं. त्यानं ते उचललंसुद्धा नाही. तिनं त्याच्या दंडाला धरून ओढलं, इतक्या वर्षांत प्रथमच असं ओढलं, आणि तो दंड तिच्या हातात नुसता राहिला, कुणाचातरी असल्यासारखा.

तेव्हा तिनं जाकीट आपल्याच अंगात चढवलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. त्याला घामाचा आणि रस्त्यावरच्या डांबराचा वास होता. डब्यातून पेन्सिल घेतली, काठी घेतली.

"तुला जमायचं नाही," तो खुर्चीतून म्हणाला.

"बघू की," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

वरच्या टोकाला चौकापर्यंत रांग लागली होती. "ओ काकू, रस्ता विकत घेतला का?" एक जण ओरडला, दुसरा गाडीतून उतरून अंगावर आला. तिनं पंजा पुढं केला. काय सांगावं, तो माणूस थांबला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. तिनं मोजून नऊ गाड्या सोडल्या. नवव्या गाडीला थांबवून तिच्या टपावर चिठ्ठी लिहायला घेतली. ९. शेवटी निळी गाडी. एवढं लिहून झालं आणि खाली जागा राहिली. निळ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, मावशी, आजच्या तारखेत होईल का? तिनं लिहिलं: काठी माझ्याकडे राहिली होती. मीच दिली नाही. ऊन आहे, झाडाखाली उभ्या राहा. खाली काय सही करावी कळेना, म्हणून वळणावरची असं लिहिलं, रबर लावलं आणि काठी त्याच्या हातात दिली.

निळी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. हात रिकामा झाला. आणि मग ते सुरू झालं ज्याची तिला कल्पना नव्हती. तिनं काहीतरी पाठवलं होतं आणि ते पोचणार होतं. आत्ता भिंतीशी असेल, आत्ता पलीकडच्या नळाशी, आत्ता टोकाला, आत्ता त्यांच्या हातात. त्या रबर काढत असतील. वाचत असतील. वाचून काय म्हणतील? काय लिहितील? लिहितील हे नक्की होतं, कारण काठी परत येणारच होती, हेच तर या सगळ्यात होतं, पाठवलेलं पोचतं आणि परत येतं. गोदाम सुटल्यापासून या माणसानं जे काही म्हटलं असेल मनातल्या मनात, ते कुठं पोचलं नव्हतं, आणि तिनं राहू दे, राहू दे म्हणून त्याला मध्येच अडवलं होतं. एवढी गोष्ट तो रोज चाळीस वेळा भोगत होता आणि घरी येऊन त्यानं तिला सांगितली नव्हती. तिला त्याचा हेवा वाटला, आता शिट्टीबाईंचा नाही, सरळ त्याचाच. खालून पहिली गाडी वळणावर दिसली. काठी नाही. दुसरी. नाही.

"दे इकडं."

तो बाजूला येऊन उभा होता. टोपी हातात, पायात घरातल्या चपला. धावत आला असावा, कारण पुन्हा धापा टाकत होता आणि डोळे उघडे होते. "दे ते जाकीट. मी बघतो. तू जा, कपडे पडलेत तुझे शिवायचे."

ती वळणाकडे बघत राहिली. तिसरी गाडी आली. नाही.

"किती सोडल्यास?"

"नऊ."

"नीट मोजल्यास ना? आणि काय लिहिलंस चिठ्ठीत?"

"ते तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली आणि पुढं येऊ पाहणाऱ्या त्याला तिनं पंजानंच अडवलं. "थांबा. काठी येऊ दे."